जाणाऱ्या माणसाची सेवा

घरात मूल जन्माला यायचे असले म्हणजे केवढी तयारी चालते! सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. नर्सबाईंना आधीच सांगून ठेवतात. बाळंतिणीची खोली झाडूनपुसून ठेवतात. डिंकाचे लाडू, शेगडी, जुनी मऊ लुगडी, सारे हाताशी असते. घरातल्या म्हाताऱ्या बाया सुनेला जवळ बसवून काय काय होईल ते समजावून सांगतात.

माणूस जगातून जायचा असला म्हणजे मात्र यांतले काहीच होत नाही. जन्म जसा ठरलेला, तसे मरणही ठरलेले. पण मरणाचे नाव घरात काढायचे नाही, अशी आपली रीत. कुणी काढलेच तर "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून त्याला गप्प बसवतात. मग ती वेळ येते तेव्हा सगळेच भांबावतात. कुणी गाडी आणायला धावतो, कुणी रडत बसतो, कुणी भलतेच पाणी तोंडात ओततो. आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे, तो बिचारा दुखण्याने तळमळत एका बाजूला पडलेला असतो.

या धड्यात आपण हाच विषय घेणार आहोत. वाचताना मन जड होईल, पण वाचा. बाळंतिणीची सेवा जशी शिकून येते, तशी जाणाऱ्या माणसाची सेवाही शिकून येते. ती प्रत्येक घराला कधी ना कधी लागतेच.

"आता घरी घेऊन जा"

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर एखादे दिवशी नातेवाइकांना बाजूला बोलावतात. म्हणतात, "आता आमच्या हातात काही नाही. यांना घरी घेऊन जा." हे वाक्य आम्ही पुष्कळ घरांतून ऐकले आहे. ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. त्याला वाटते, आता औषध संपले, डॉक्टर संपला, आता फक्त वाट पाहायची.

हा अर्थ बरोबर नाही. वैद्यकाची कामे दोन आहेत. एक काम रोग बरा करण्याचे. दुसरे काम रोग्याचा त्रास कमी करण्याचे. पहिले काम थांबले तरी दुसरे थांबत नाही. उलट तेव्हाच त्याची गरज जास्त असते. विहिरीचे पाणी आटले म्हणून तहानलेल्याला कुणी तसेच ठेवत नाही. घागरीतले का होईना, घोटभर पाणी देतोच की नाही?

या दुसऱ्या कामाला दवाखान्यात 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात. मराठीत कुणी उपशामक सेवा म्हणतात, कुणी परिहार सेवा म्हणतात. नाव कोणतेही घ्या. रोग हटत नसला तरी माणसाला दुखू नये, धाप लागू नये, घाण वास येऊ नये, त्याचा मान राहावा आणि घरच्यांना आधार मिळावा, हा तिचा अर्थ. ही सेवा फक्त शेवटच्या दिवसांसाठी नाही. मोठा आजार कळला त्या दिवसापासून, बाकीच्या उपचारांबरोबरच ती सुरू करता येते.

ती केवळ कॅन्सरच्या रोग्यालाच लागते असेही नाही. हृदय थकलेले, मूत्रपिंडे निकामी झालेली, फुप्फुसे खराब झालेली, लकव्याने अंथरुणाला खिळलेली, फार म्हातारी झालेली, अशी सगळी माणसे यात येतात. लहान मुलेही येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख माणसांना अशा सेवेची गरज पडते. ती मिळते मात्र शंभरांतल्या सुमारे चौदा जणांना. बाकीचे शहाऐंशी जण सोसत जातात.

ही विद्या आली कुठून?

इंग्लंडमध्ये सिसिली सॉन्डर्स नावाच्या एक बाई होत्या. त्यांचा जन्म १९१८ सालचा. दुसऱ्या महायुद्धात त्या नर्स झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, तेव्हा त्या रुग्णालयातच रोग्यांच्या घरच्या अडचणी पाहण्याचे काम करू लागल्या. तिथे पोलंडहून आलेला एक कॅन्सरचा रोगी होता. परक्या देशात त्याचे आपले असे कुणी नव्हते. बाई त्याच्याजवळ बसत, बोलत. मरणाऱ्या माणसांसाठी एखादे चांगले घर असावे, असे त्या दोघांच्या बोलण्यात येई. १९४८ साली तो वारला. जाताना त्याने आपली ५०० पौंडांची पुंजी त्या घरासाठी ठेवली. त्या घरातली एक खिडकी आपली असावी, अशी त्याची इच्छा होती.

पुढे बाई वैद्यकी शिकल्या आणि १९५७ साली, वयाच्या चाळिशीजवळ, डॉक्टर झाल्या. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हे रुग्णगृह उघडले. त्या रोग्याची खिडकी तिथे आजही आहे. २००५ साली बाई गेल्या, त्याही याच रुग्णगृहात.

बाईंनी एक मोठी गोष्ट दाखवून दिली. मरणाऱ्या माणसाचे दुखणे एकच नसते, चार असतात. पहिले शरीराचे. दुसरे मनाचे, म्हणजे भीती आणि उदासी. तिसरे संसाराचे: कर्ज कोण फेडील, पोरीचे लग्न कोण करील? चौथे आत्म्याचे: माझे आयुष्य कशासाठी होते, माझ्या हातून कुणाचे वाईट झाले का, मला क्षमा मिळेल का? या चारांपैकी एकाकडे दुर्लक्ष केले तरी बाकीची वाढतात. रात्री पोटात कळ येते, त्या कळीत पोरीच्या लग्नाची काळजीही मिसळलेली असते.

आपल्या देशात असे पहिले रुग्णगृह १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघाले. त्याचे नाव शांती आवेदना सदन. त्याची एक शाखा गोव्यात लोटलीला आहे. पुण्याला वारज्यात १९९७ साली सिपला कंपनीच्या प्रतिष्ठानने केंद्र उघडले. केरळात कोझिकोडला १९९३ साली डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी काम सुरू केले. पुढे केरळात एक नवी गोष्ट झाली. शेजारीपाजारी, शिक्षक, दुकानदार, कॉलेजची मुले थोडे शिक्षण घेऊन आपापल्या वस्तीतल्या दुखणाइतांकडे जाऊ लागली. रोग्याला आंघोळ घालणे, गप्पा मारणे, घरात तांदूळ नसले तर आणून देणे, ही कामे त्यांनी उचलली. औषधाचे काम नर्स आणि डॉक्टर बघत. २००८ साली केरळ सरकारने या सेवेचे धोरण जाहीर केले. असे धोरण करणारे ते देशातले पहिले राज्य. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण शेजारधर्म आपल्याकडेही आहे. त्याला थोडे वळण लावले की झाले.

दुखणे सोसलेच पाहिजे का?

"भोग आहेत, भोगलेच पाहिजेत," असे पुष्कळ जण म्हणतात. आमचे म्हणणे असे की, पायात काटा मोडला तर आपण भोग म्हणून तो ठेवत नाही. काढतो. मग पोटातल्या काट्याला वेगळा न्याय का?

दुखण्यावरच्या औषधांची एक तीन पायऱ्यांची शिडी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ती १९८६ साली सांगितली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे. दुसऱ्या पायरीवर त्याहून जोरकस. तिसऱ्या पायरीवर मॉर्फिन. कॅन्सरच्या जबर दुखण्यावर मॉर्फिनची गोळी हे नावाजलेले औषध आहे. ती महाग नाही, आणि तोंडाने घेता येते.

मॉर्फिन अफूपासून काढतात. आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफूचे पीक घेतात. नीमच आणि गाजीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. आपली अफू वर्षानुवर्षे परदेशी औषध कारखान्यांना जात आली, आणि आपलाच रोगी गोळीवाचून तळमळत राहिला! याचे कारण कायद्याची धास्ती. १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. परवाने इतके लागू लागले की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि मान्यता मिळालेल्या दवाखान्यांना ते ठेवणे सोपे झाले.

या गोळीबद्दल लोक हमखास तीन प्रश्न विचारतात.

"व्यसन लागेल का?" दुखण्यासाठी, डॉक्टर सांगेल तेवढीच घेतली तर व्यसनाची भीती फार थोडी. दारुड्याला नशा हवी असते. या रोग्याला नशा नको, झोप हवी असते.

"मॉर्फिन दिले म्हणजे आता शेवट आला का?" नाही. रोग्याला किती दुखते ते पाहून गोळी देतात, किती दिवस उरले ते पाहून नाही. कळा थांबल्या की माणूस दोन घास खातो, उठून बसतो, नातवाशी बोलतो.

"दुखेल तेव्हाच दिली तर चालेल का?" इथेच पुष्कळ घरे चुकतात. साधी गोळी सुमारे चार तास काम करते. म्हणून ती घड्याळ पाहून, दुखणे परत डोके वर काढण्याआधी द्यायची. रोग्याने कण्हावे, मग घरच्यांनी गोळी शोधावी, असे होऊ नये.

गोळीने मलावरोध होतोच. म्हणून डॉक्टर बरोबर पोट साफ होण्याचे औषध देतात. ते चुकवू नका. पहिले काही दिवस गुंगी किंवा मळमळ वाटते, ती बहुधा कमी होते. गोळ्या मनाने वाढवू नका, एकदम बंदही करू नका, आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी कुलपात ठेवा.

घरची शुश्रूषा

आता हाताने करायची कामे पाहू. यांना पैसा थोडा आणि लक्ष फार लागते.

कूस बदलणे. एकाच कुशीवर पडून राहिले की हाडाच्या टोकांवरची कातडी लाल होते आणि पुढे फुटते. माकडहाड, खुबे, टाचा, खांदे या जागा रोज पाहा. दर दोन तासांनी कूस बदला. ओढत सरकवू नका, दोघांनी चादरीसह उचला. चादरीला सुरकुती आणि अंथरुणात भाताचे शीत राहू देऊ नका. लाल झालेली जागा रगडू नका. हवेची गादी मिळाली तर चांगले, पण गादी आहे म्हणून कूस बदलणे सोडायचे नाही.

तोंड. शेवटच्या दिवसांत तोंड कोरडे पडते, जिभेवर थर बसतो, बोलता येत नाही. पेलाभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चुळा भरायला द्या. चूळ भरता येत नसेल तर बोटाला मऊ फडके गुंडाळून हलक्या हाताने तोंड पुसा. ओठांना तूप किंवा खोबरेल लावा.

जखम. काही कॅन्सरच्या जखमा वाहतात आणि त्यांना दुर्गंधी येते. वासापायी नातेवाईक दाराशी उभे राहतात, आणि रोग्याला ते समजते. तो लाजतो, जेवणही दूरच ठेवायला सांगतो. यावर साधा उपाय आहे. मेट्रोनिडाझोल नावाच्या गोळीची पूड अशा जखमेवर वापरतात, तिने वास पुष्कळ कमी होतो. किती आणि कशी लावायची ते डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारा. वास गेला की माणसे परत जवळ बसतात. एका गोळीने माणसाला त्याचे घर परत मिळते.

धाप. रोग्याला उशा लावून बसते करा. खिडकी उघडा. साध्या हातपंख्याने तोंडावर वारा घाला, त्याने धाप खरेच हलकी वाटते. भोवती गर्दी करू नका.

खाणे. "चार घास खा, नाहीतर बरं कसं वाटेल?" म्हणून माया करणारी माणसे जुलूम करतात. शरीर विझत आले की भूक आपोआप कमी होते. न खाल्ल्याने तो चाललेला नाही, तो चालला आहे म्हणून खात नाही. त्याला आवडेल ते, मागेल तेव्हा, चमचाभर द्या. आडव्या माणसाच्या तोंडात काही घालू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाते. अगदी शेवटी सलाइनचा हट्टही धरू नये. शरीराला ते पाणी पेलत नाही, अंगावर सूज येते, छातीत घरघर वाढते. याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्या.

मान कशात असतो?

माणूस अंथरुणाला खिळला म्हणजे तो लहान मूल होत नाही. ज्याने चाळीस वर्षे घर चालवले, त्याच्यासमोर "याला आता काय कळतंय" असे बोलू नये. आम्ही काही घरांत असेही पाहिले आहे की, आल्यागेल्यांसमोरच रोग्याचे कपडे बदलतात. एक जुने लुगडे दोरीवर टाकले की पडदा होतो. तेवढेही कुणाला सुचत नाही.

अंगाला हात लावण्याआधी सांगा, "आबा, आता पाठ पुसते हं." शौचाचे भांडे मागितले की लगेच द्या, थांबवू नका. पुरुषाची दाढी करा. बाईचे केस विंचरा, ती लावत असेल तर कुंकू लावा. चष्मा, कवळी, काठी जवळ ठेवा. काठीचा उपयोग नसेना का, ती त्याची आहे. घरातल्या गोष्टी त्याला विचारा. गाय विकायची का, पेरणी कधी करायची, हे त्याला कळू द्या. त्याची खाट मागच्या अंधाऱ्या खोलीत टाकू नका. घराची जाग दिसेल, मुलांचा आवाज येईल, अशा जागी टाका.

सांगावे की सांगू नये?

हा प्रश्न सगळ्यांत अवघड. घरचे लोक डॉक्टरांना बजावतात, "त्यांना काही सांगू नका, ते खचतील." यात माया आहे, पण तिचा परिणाम काय होतो पाहा.

आमच्या माहितीतल्या एका शेतकऱ्याला घशाचा कॅन्सर झाला होता. तिन्ही मुलांनी ठरवले, दादांना सांगायचे नाही. घरात सगळे हसू आणून बोलत आणि गोठ्यात जाऊन रडत. एक दिवस घरी येणाऱ्या नर्सबाईंनी त्यांच्याजवळ बसून शांतपणे विचारले, "दादा, तुम्हाला या दुखण्याबद्दल काय वाटतं?" दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मला कळलंय बाई. पण पोरांना सांगू नका. घाबरतील."

पाहा, बापाने मुलांपासून लपवले आणि मुलांनी बापापासून. मधे भिंत उभी राहिली आणि दोन्हीकडे सारे एकटे पडले. नर्सबाईंनी दोन्हीकडच्यांना एकत्र बसवले. सारे रडले. मग दादा बोलू लागले. कुणाकडून किती येणे, कुणाचे किती देणे, सोसायटीचा कागद कुठे, हे त्यांनी धाकट्याकडून लिहून घेतले. त्यांची एक मुलगी मनाविरुद्ध लग्न करून गेली होती. नऊ वर्षे तिचे नाव घरात निघत नव्हते. दादा म्हणाले, "तिला बोलवा." ती आली. बाप-लेक फार काही बोलले नाहीत. तिने बापाचे पाय चेपले, दोन रात्री उशाशी बसली. महिन्याभराने दादा गेले. कुणी खरे बोललेच नसते, तर ती मुलगी आलीच नसती आणि ते कागदही सापडले नसते.

म्हणून काय, भेटल्याबरोबर "तुम्ही आता मरणार" असे सांगायचे? मुळीच नाही. आधी विचारा, "तुम्हाला काय वाटतं?" तो जेवढे विचारील तेवढे खरे सांगा, पुढचे ढकलू नका. काहींना सगळे जाणून घ्यायचे असते, काहींना नसते. नसेल त्याच्यावर लादू नका. पण खोटा धीर देऊ नका. "तुम्ही ठणठणीत व्हाल" याऐवजी "काहीही झालं तरी आम्ही तुम्हाला सोडणार नाही, आणि दुखू देणार नाही" असे सांगा. हे वचन पाळता येते.

कायदा काय म्हणतो?

कुणाला वाटते, मशीन, नळ्या, सलाइन हे सारे शेवटपर्यंत लावलेच पाहिजे, नाहीतर पाप आणि गुन्हा. कायदा तसे म्हणत नाही. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. घटनेचे २१ वे कलम त्याला आधार आहे. शुद्धीवर असलेला माणूस नको असलेल्या उपचाराला नाही म्हणू शकतो. आणि पुढे बोलता येणार नाही अशी वेळ आली तर काय करावे, हे तो आधीच लिहून ठेवू शकतो. या कागदाला इच्छापत्र म्हणतात. जमीनजुमल्याच्या मृत्युपत्राहून हे वेगळे.

२४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने याची रीत सोपी केली. सज्ञान आणि शुद्ध बुद्धीच्या माणसाने कागद लिहावा. आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्यांची नावे त्यात घालावी. दोन साक्षीदारांसमोर सही करावी, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो साक्षांकित करून घ्यावा. एक प्रत घरच्यांना आणि घरच्या डॉक्टरांना द्यावी. प्रत्यक्ष वेळ आली की आशा उरली आहे की नाही हे एकटा डॉक्टर ठरवत नाही. डॉक्टरांची दोन मंडळे तपासतात, मगच कृत्रिम उपचार थांबवतात. मुद्दाम सुई टोचून जीव घेणे मात्र आपल्या देशात गुन्हाच आहे. उपचार थांबले तरी सेवा थांबत नाही. दुखण्याचे औषध शेवटच्या श्वासापर्यंत चालते.

हे आम्ही का सांगतो? आमच्या डोळ्यांसमोर घरे बुडाली आहेत. आशा नाही हे माहीत असूनही "लोक काय म्हणतील" या भीतीने दोन एकर रान गहाण पडते. माणूस काचेच्या खोलीत, नळ्यांत, एकटा जातो. मागे कर्ज राहते. डॉक्टरांना सरळ विचारा, "या उपचाराने रोग हटणार आहे, की फक्त दिवस लांबणार आहेत? त्या दिवसांत यांना त्रास किती?" हे विचारण्यात कंजूषपणा नाही.

शेवटचे दिवस

शेवट जवळ आल्याच्या काही खुणा असतात. त्या माहीत असल्या म्हणजे घाबरगुंडी होत नाही. माणूस जास्त झोपतो. खाणेपिणे बंद होते. लघवी कमी होते. हातपाय गार पडतात. बोलणे असंबद्ध होते, गेलेली माणसे दिसल्याचे सांगतो. श्वास मधेच थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. घशात घरघर वाजते. ती आपल्याला भेसूर वाटते, पण ग्लानीतल्या माणसाला तिचा त्रास बहुधा नसतो. त्याला एका कुशीवर वळवा.

या वेळी गंगाजल, तुळशीपत्र देण्याची आपल्याकडे रीत आहे. कुणाकडे जमजमचे पाणी देतात आणि कलमा वाचतात. कुणाकडे पाद्री येऊन प्रार्थना करतात. ज्याची जी श्रद्धा ती पाळावी. फक्त पाणी ओतू नका. गिळता येत नसते, ते श्वासात जाते. बोट बुडवून ओठ ओले करा, श्रद्धाही राहील आणि त्रासही होणार नाही.

ऐकू येणे बराच वेळ शिल्लक राहते असे डॉक्टर मानतात. म्हणून उशाशी वाटणीची भांडणे नकोत. हात हातात घ्या. सांगायचे राहिले असेल ते सांगा. "काळजी करू नका, आम्ही सगळं बघतो," एवढे कानाशी बोललात तरी पुष्कळ आहे.

सेवा करणाऱ्याचे काय?

बहुतेक घरांत हे सारे एका बाईच्या अंगावर पडते. सून, बायको किंवा लेक. रात्रीची जाग तिची, धुणे तिचे, आणि पाहुणे आले की चहाही तिचाच. भेटायला येणारा रोग्याची चौकशी करतो, हिची करत नाही. आमची पुरुषमंडळींना विनंती आहे. रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या. कूस बदलायला, भांडे द्यायला शिका. बापाचे करण्यात कसली आली लाज? शेजाऱ्यांनी नुसते हळहळू नये. एक दिवस डबा पाठवावा, दोन तास रोग्याजवळ बसावे, म्हणजे ती बाई तेवढी झोपेल. माणूस गेल्यावरही तेराव्यानंतर सगळे पांगतात, तेव्हा तिच्याकडे जाऊन या.

मदत कुठे मिळेल?

पहिल्यांदा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. आशाताईंना विचारा. केंद्र सरकारने २०१२ साली या सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला आहे. गावच्या आरोग्य केंद्रांनी, म्हणजे आता ज्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात त्यांनी, द्यायच्या सेवांच्या यादीतही ती आहे. सगळीकडे ती सारखी पोहोचलेली नाही. म्हणूनच मागितली पाहिजे. मागणारा नसला तर यादी कागदावरच राहते. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग आहे. वांद्रे, वारजे आणि लोटली येथील केंद्रांची नावे वर दिलीच आहेत.

शेवटी एवढेच. मरण टाळणे कुणाच्या हाती नाही. पण जाणारा माणूस स्वच्छ अंथरुणावर, न दुखता, आपल्या माणसांत जाईल, हे पुष्कळसे आपल्या हाती आहे. आज तुमच्या आळीत कुणी अंथरुणाला खिळले असेल. हे पुस्तक मिटल्यावर त्या घरी जा, आणि "मी थोडा वेळ बसतो, तुम्ही पडा," असे त्या घरातल्या बाईला सांगा.

वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

१. वैद्यकाची दोन कामे कोणती?
२. दुखण्याची गोळी घड्याळ पाहून का द्यावी?
३. कूस न बदलल्यास काय होते?
४. आपल्या गावात अशा रोग्यांसाठी पाच शेजाऱ्यांनी मिळून काय काय करता येईल? पाटीवर यादी करा.